‘व संच’ म्हणजे कोण?



जयंतीची पत्रिका आपल्यापैकी प्रत्येकाने हातात घेतली आहे. वर बाबासाहेबांचे छायाचित्र, बाजूला पंचशील ध्वज, खाली अध्यक्ष, उद्घाटक, प्रमुख पाहुणे आणि मग स्वागतोत्सुकांची भलीमोठी रांग. त्या रांगेत गल्लीतल्या लहान लेकराचेही नाव असते, कारण नाव छापले नाही तर त्याचे वडील वर्गणी देताना तोंड वाकडे करतात. आणि अगदी तळाशी एक ओळ असते : रात्री ९ वाजता बुद्ध-भीम गीतांचा कार्यक्रम, सादरकर्ते अमुक शाहीर व संच. आज आम्हाला लिहायचे आहे ते या शेवटच्या दोन शब्दांबद्दल. ‘व संच’ म्हणजे कोण, हे आम्हाला कळायला तेहतीस वर्षे लागली. त्याची ही हकिगत.

१९९१ साल होते. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीची जयंती. आमचे वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यात होते; स्वतंत्र जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ ला. आम्ही दहा-अकरा वर्षांचे असू. वडील बाजारात हमाली करायचे, आई निंदण-खुरपणाला जायची. वस्तीत टेपरेकॉर्डर एकाच घरी होता. त्या घरच्या काकांनी जयंतीच्या रात्री तो थेट स्टेजसमोर ठेवला आणि गायन पार्टीचा कार्यक्रम एका कॅसेटमध्ये भरून घेतला. पुढे वडिलांनी जुना टेप विकत घेतला, तेव्हा काकांनी त्या कॅसेटची एक नक्कल आम्हाला करून दिली. कागदी पट्टीवर निळ्या शाईने एवढेच लिहिलेले : भीमजयंती १९९१.

ती कॅसेट म्हणजे आमच्या घरातले एक माणूसच झाले. सकाळी चुलीवर भाकरी थापताना आई लावायला सांगायची. फीत अडकली की आम्ही भावंडे पेन्सिल घालून ती गुंडाळायचो. पुढे गाणाऱ्या शाहिरांचा आवाज पहाडी होता, त्यांचे नाव तालुक्यात सगळ्यांना ठाऊक होते. पण आईचे कान दुसरीकडेच असायचे. मागे कोरसमध्ये एका बाईचा आवाज होता. शाहिरांनी ओळ सोडली की ती बाई उचलायची आणि इतकी वर न्यायची की पेटीसुद्धा मागे राहायची. आई म्हणायची, “पुढचा चांगला म्हनते, पन मागची बाई आयक. गानं तिच्यापाशी हाय.”

तेव्हापासून आमच्या घरात तिला ‘मागची बाई’ हेच नाव पडले. आवडता गायक कोण, असे शाळेत कोणी विचारले की बाकीची मुले सिनेमातली नावे सांगायची. आम्ही म्हणायचो, मागची बाई. पोरे हसायची.

दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यात एक लहान मूल रडल्याचा आवाज होता. नेमक्या त्याच वेळी मागच्या बाईचा आवाज बंद पडायचा. एक ओळ ती गायचीच नाही, दुसऱ्या ओळीला पुन्हा यायची. आम्हाला वाटे, समोर बसलेल्या एखाद्या बाईचे लेकरू रडले असेल आणि गाणारीचा दम तुटला असेल. आईला ती जागा पाठ होती. रडणे आले की ती भाकरी थांबवून वाट पाहायची आणि आवाज परत आला की मान हलवायची.

त्या कॅसेटमधली बहुतेक गाणी वामनदादा कर्डकांची होती. शेवटच्या कडव्यात ‘वामन’ हे नाव यायचे. आम्हाला वाटे, हा वामन म्हणजे आमच्याच गल्लीतला, पानठेल्यावाला. वडिलांनी हसून खरा वामन सांगितला. वामन तबाजी कर्डक, जन्म १५ ऑगस्ट १९२२, सिन्नर तालुक्यातले देशवंडी गाव. मुंबईत गिरणीत राबणारा हा तरुण निरक्षर होता. कोणीतरी वाचून दाखवायला पत्र आणले आणि ते वाचता येईना, तेव्हा त्यांना रडू कोसळले. मग देहलवी नावाच्या मास्तरांकडून ते मुळाक्षरे शिकले आणि रस्त्याने जाता-येता दुकानांच्या पाट्या वाचून त्यांनी जोडाक्षरे पक्की केली. १९४३ मध्ये त्यांनी पहिले गाणे लिहिले आणि १५ मे २००४ रोजी नाशिकला देह ठेवीपर्यंत ते हजारो गाणी लिहीत, गात, गावोगाव फिरत राहिले. किती गाणी लोकांच्या वह्यांत राहिली, किती तोंडोतोंडी गेली! तरी ती वामनदादांची म्हणून ओळखता येतात, कारण शेवटच्या कडव्यात त्यांनी आपले नाव गुंफून ठेवले आहे. पाट्या वाचून अक्षर शिकलेल्या माणसाला नावाची किंमत बरोबर कळली होती. ‘मागच्या बाई’ला मात्र नाव गुंफायला कडवे नव्हते.

पुढे आम्ही बी.कॉम. झालो, कारकुनी मिळाली, संसार थाटला. टेप बिघडला, कॅसेट पत्र्याच्या पेटीत गेली. २०११ साली आई गेली. तिच्या माघारी एकदा पेटी आवरताना कॅसेट हाती आली. पण वाजवायचे यंत्रच घरात नव्हते. पुन्हा पेटीत ठेवून दिली.

आता २०२४ च्या अश्विन पौर्णिमेकडे येऊ. आमच्या तालुक्यात अनसिंगच्या बाजूला एक छोटे गाव आहे. तिथल्या विहारात आषाढ पौर्णिमेपासून तीन महिने ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन झाले होते आणि त्या रात्री वर्षावासाची सांगता होती. शिष्यवृत्तीचे अर्ज कसे भरावेत हे मुलांना व पालकांना सांगण्यासाठी त्यांनी आम्हाला बोलावले होते. दिवस सोयाबीन सोंगणीचे. माणसे दिवसभर वाकून कंबर मोडलेली, त्यामुळे गर्दी म्हणजे चाळीस-पन्नास डोकी, त्यांत निम्मी लेकरे. वंदना झाली, खीरदान झाले, आमचे अर्ध्या तासाचे भाषण झाले. मग गायन पार्टी बसली. एक पेटी, एक ढोलकी, एक खंजिरी, पुढे एक तरुण गायक आणि मागे दोन बाया. माईक एकच, तोही मधूनच शिट्टी मारायचा.

खरे सांगायचे तर आम्ही निघण्याच्या बेतात होतो. दुसऱ्या दिवशी कार्यालय होते, मोटरसायकलवर रात्रीचा रस्ता होता. पायात चप्पल सरकवली आणि लाईन गेली. माईक बंद, दिवे बंद. तरुण गायक गोंधळून थांबला. पण गाणे थांबले नाही. मागून एका बाईने ती ओळ उचलली आणि अंधारात वर नेली.

वाचकहो, आम्ही चप्पल तशीच पायात अडकवून दारात उभे राहिलो. आवाज थकला होता, वर गेल्यावर जरा फाटत होता. पण उचलण्याची रीत तीच. अंधारात आम्हाला चूल दिसली, भाकरीचे पीठ लागलेले आईचे हात दिसले. कोणीतरी मोबाईलचा उजेड केला. ढोलकीच्या आडोशाला साठीच्या पुढची एक बाई बसली होती. पांढरे लुगडे, कपाळ मोकळे, डोळे मिटलेले. लाईन आली तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत. गाणे पूर्ण केले आणि मगच पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. आम्ही घरी फोन केला की आज उशीर होईल आणि पुढे जाऊन लेकरांत मांडी घालून बसलो.

कार्यक्रम संपल्यावर चहा झाला. आम्ही जवळ जाऊन म्हणालो, “मावशी, जयभीम. तुम्ही एक्याण्णवच्या जयंतीला वाशिमला आमच्या वस्तीत गायला होत्या काय?”

“असन बाप्पा,” त्या म्हणाल्या. “किती गावं फिरलो, कुठं कुठं ध्यानात ठेवाव? शताब्दीच्या साली त रोज एक कार्यक्रम होता.”

आम्ही कॅसेटचे सांगितले. गाण्याचे सांगितले. मग ते मूल रडल्याचे सांगितले. त्यांच्या हातातला कप तसाच राहिला.

“ते माहं पोरगं होतं,” त्या म्हणाल्या. “तीन महिन्याचं. मांडीवर घेऊनच बसे मी. रडलं का पदराखाली घ्याव आन् पुन्हा गान्यात याव. एवढं कोनी आयकलं असन असं नोतं वाटलं, भाऊ.”

तेहतीस वर्षे ज्याला आम्ही दम तुटणे समजत होतो, ते एका आईने लेकराला पाजायला घेणे होते. आमच्या आईला हे सांगायला हवे होते. तिला बहुधा आधीच कळले असावे. आम्हालाच विचारायचे सुचले नाही.

मावशींचे पती त्याच पार्टीत ढोलकी वाजवायचे, ते वारले. शाहीरही गेले. ते मांडीवरचे पोरगे आता पुण्याकडे कंपनीत कामाला आहे. मावशी मजुरीला जातात आणि कोणी बोलावले तर गायला. निघताना त्यांनी सहज विचारले, “तुमी हापिसातले दिसता. कलावंताचं मानधन भेटते म्हनतात, ते खरं हाय काय?”

खरे आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने राज्य शासनाची वृद्ध साहित्यिक व कलावंतांना मानधन देणारी योजना आहे. वय पन्नासच्या वर असावे, कलेच्या क्षेत्रात किमान पंधरा वर्षे काढलेली असावीत, उत्पन्नाची मर्यादा आहे. २०२४ पासून हे मानधन दरमहा ५,००० रुपये झाले आहे. मावशी त्यासाठी एकदा चौकशीला जाऊन आल्या होत्या. त्यांना पुरावा विचारला गेला. कार्यक्रमाची पत्रिका, फोटो, प्रमाणपत्र, वर्तमानपत्राचे कात्रण, काहीही. त्यांच्याजवळ काहीच नव्हते.

“नाव कोन लिवते बाप्पा आमचं? आमी त संचातले मानसं.”

आम्ही त्या टेबलावर असतो तर आम्हीही पुरावाच मागितला असता. कागदाशिवाय मानधन वाटले तर ज्याने कधी खंजिरीला हात लावला नाही तोही रांगेत उभा राहील. नियम वाईट नाही. प्रश्न असा आहे की चाळीस वर्षे गाणाऱ्या बाईजवळ कागद का नाही? तो कोणी द्यायचा होता?

बोलता बोलता मावशी म्हणाल्या की, आमच्या वस्तीत त्या पुढेही दोनदा आल्या होत्या. साल त्यांना आठवेना, पण विहाराला नवी फरशी बसली ते साल, असे म्हणाल्या. ते साल आम्हाला चांगले आठवते. २००८. त्या वर्षी जयंती मंडळाचे खजिनदार आम्हीच होतो.

घरी येऊन आम्ही रात्रीच पेटी उघडली. आमच्या हिशोबाच्या वह्या आम्ही अभिमानाने जपून ठेवल्या आहेत. २००८ चे पान काढले. मंडपवाल्याचे पूर्ण नाव, दुकान, पावती नंबर. डीजेवाल्याचे नाव, गाव, इसार किती, बाकी किती. चहा-साखरेच्या किराणा दुकानाचे नाव. हार-फुलांचे नाव. आणि खाली आमच्याच हस्ताक्षरात : गायन पार्टी, शाहीर व संच, रु. २,५००. पुढे शाहिरांची एकट्याची सही. डीजेची रक्कम त्याच्या सहापट होती. जमाखर्च पैशापैशाने जुळलेला होता. सर्वसाधारण सभेत त्या हिशोबाला टाळ्या मिळाल्या होत्या.

आणखी एक गोष्ट आठवली, तीही लिहितो. त्या रात्री कार्यक्रम चालू असताना आम्ही मंडपामागे वर्गणीची मोजदाद करीत बसलो होतो. गाणे कानावर पडत असणार, पण आम्ही ऐकत नव्हतो. आधी मंडपवाल्याला, मग डीजेवाल्याला पैसे दिले, आणि रात्री एक वाजता शाहिरांना. तोवर त्यांची माणसे टेम्पोत बसून होती. त्या टेम्पोत ‘मागची बाई’ होती, आमच्यापासून वीस पावलांवर. आईसुद्धा तेव्हा जिवंत होती, घरी होती. दोघींची भेट घालून देणे आमच्या हातात होते. आम्ही हिशोब जुळवत होतो.

अशी चूक फक्त आपल्यातच होते असे नाही. अमेरिकेत डेट्रॉईट शहरात १९५९ साली मोटाऊन नावाची गाण्यांची कंपनी निघाली. तिने काळ्या गायकांचा आवाज जगभर पोचवला. पण त्या गाण्यांमागे वाजवणारा जो ताफा होता, फंक ब्रदर्स म्हणून, त्यांची नावे तबकड्यांच्या वेष्टनांवर कित्येक वर्षे छापलीच गेली नाहीत. १९७१ साली मार्विन गे या गायकाच्या तबकडीवर ती पहिल्यांदा ठळकपणे आली. गाणी साऱ्या जगाच्या ओठांवर आणि वाजवणारे मात्र ‘व संच’! उलट आपल्याकडे भीमराव कर्डकांचे उदाहरण आहे. १९३० च्या दशकात नाशिक भागात जलसे करीत फिरलेल्या या माणसाने पुढे आंबेडकरी जलशांवर स्वतः पुस्तक लिहिले, ते १९७८ साली निघाले. त्यांनी लिहून ठेवले म्हणून आज आपल्याला जलसा काय होता ते सांगता येते. आता तर प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. एकतारीवर गाणाऱ्या कडूबाई खरात मोबाईलमुळेच नावानिशी घराघरांत पोचल्या. साधन नाही ही सबब आता चालणार नाही.

पुढे काय केले ते सांगतो. मंडळाच्या जुन्या फोटोंच्या पाकिटात २००८ चा एक फोटो सापडला. स्टेजच्या डाव्या कोपऱ्यात, माईकच्या दांड्याआड अर्ध्या झाकलेल्या मावशी. आमच्या मंडळाने हिशोबाची वही व फोटो पाहून ठराव केला आणि लेखी पत्र दिले. मग सुटीच्या दिवशी गावोगाव फिरलो. एका गावी जुनी पत्रिका मिळाली, एका ठिकाणी सत्काराचा फोटो मिळाला. पाच गावांच्या मंडळांनी पत्रे दिली. एका म्हाताऱ्या अध्यक्षांनी पत्रावर सही करताना विचारले, “आजवर तिनं मागितलं काहून नाई?” आम्ही म्हणालो, “आजवर आपण दिले का नाही, ते आधी सांगा.” ते गप्प झाले, आम्हीही झालो, कारण प्रश्न आम्हालाही होता. अर्ज दाखल झाला आहे. निर्णय अद्याप व्हायचा आहे.

मावशींचे नाव या लेखात का नाही, असे चाणाक्ष वाचक विचारतील. तसे आम्ही त्यांना विचारले होते. त्या म्हणाल्या, अर्जाचा निकाल लागेपर्यंत पेपरात नाव नको, वशिला लावला म्हणतील लोक. हा त्यांचा मान आहे आणि तो आम्ही राखला.

दरम्यान कॅसेटचे काम केले. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका जुन्या कारागिराने फीत जोडली, साफ केली आणि गाणी मोबाईलमध्ये उतरवून दिली. थोडी खरखर आहे, पण ऐकू येते. एका रविवारी आमच्या घरची मंडळी, दोन्ही मुले आणि आम्ही त्या गावी गेलो. मावशींच्या दारात बाजेवर बसून ऐकले. शाहिरांचा आवाज आला तेव्हा त्यांनी हात जोडले. ढोलकी आली तेव्हा म्हणाल्या, “हे आमचे,” आणि पदर डोळ्याला लावला. स्वतःच्या आवाजावर काहीच बोलल्या नाहीत. दुसऱ्या बाजूचे तिसरे गाणे लागले, मूल रडले, ओळ रिकामी गेली, आणि त्या हसून आमच्या धाकट्या मुलीला म्हणाल्या, “हा पाय माहा पोरगा!” मग पुण्याला फोन लावला आणि त्या तीन महिन्यांच्या लेकराला, म्हणजे चौतिशीतल्या बापयाला, त्याचे रडणे ऐकवले.

बंधू-भगिनींनो, आम्ही कारकून माणूस, त्यामुळे शेवटी चार कामाच्या गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही. पत्रिका छापाल तेव्हा ‘व संच’ लिहू नका. पेटीवाला, ढोलकीवाला, कोरस, सगळ्यांची नावे छापा. दोन ओळी वाढतील, स्वागतोत्सुकांच्या दोन ओळी कमी करा. बिदागी देताना व्हाउचरवर प्रत्येक कलावंताचे नाव व सही घ्या, आणि पैसे सगळ्यांत आधी द्या. कार्यक्रमाचा एक फोटो तरी असा काढा की मागच्या रांगेचे चेहरे दिसतील; मागे तारीख व गाव लिहा. मंडळाच्या लेटरहेडवर एक आभारपत्र द्या. त्याला खर्च एका कागदाचा. आणि तुमच्या घरात, शेजारी, नात्यात कोणी जुने गाणारे-वाजवणारे असतील तर त्यांचा जुना कागद, जुना फोटो आजच शोधून ठेवा.

शिवाय एक करा. कार्यक्रम चालू असताना मंडपामागे बसू नका. पुढे येऊन बसा आणि ऐका. कार्यक्रम संपला की जवळ जाऊन नाव विचारा.

जयभीम.